आत्यांनी निवडलेलं पुस्तक

उदगीरला आमच्या बुद्धविहाराला लागून छोटंसं वाचनालय आहे. मी जळकोटच्या शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून विज्ञानकथा आणि अद्भुतकथांची उत्तम दहा पुस्तकं निवडायचं काम मंडळींनी माझ्यावर टाकलं. लातूरहून तीसेक पुस्तकं आणली, वाचली आणि पेपर तपासावेत तसे गुण दिले.

रविवारी वंदना झाल्यावर पहिल्या नंबरचं पुस्तक मोठ्यानं वाचायला घेतलं. ऐकायला दहा-बारा जण होते. त्यात डाळमिलमध्ये कामाला जाणाऱ्या शेजारच्या आत्याही होत्या. गोष्टीत मेंढ्या राखणारा तरुण हरवलेला राजपुत्र निघतो आणि त्याचा हात लागताच जादूची तलवार पेटते.

आत्यांनी विचारलं, "दुसऱ्या कुणाच्या हातात न्हाई पेटत?"

"नाही. ते त्याच्या रक्तातच आहे."

"रक्तात? म्हंजे जन्मावरनंच मोठा? आन हे तू हितं विहारात बसून वाचायलीस?"

माझे कान तापले. दोनदा वाचूनही मला हे दिसलं नव्हतं.

मग चिडून मी मुद्दाम सगळ्यात कमी गुणांचं, पातळसं पुस्तक उचललं. एका कोरड्या ग्रहावर एक बाई हातपंप दुरुस्त करत वस्त्या-वस्त्यांतून फिरते. चार पानांनंतर थांबले, तर आत्या म्हणाल्या, "वाच की पुढं." जेवायची वेळ टळून गेली.

शेवटी मला राहवेना. "आत्या, ह्यातलं विज्ञान चूक आहे. असल्या ओढणाऱ्या पंपात पाणी वर चढतं ते हवेच्या दाबानं. तिथली हवा इतकी विरळ, की पंप पाणी ओढूच शकणार नाही."

"मंग चुकलंय कुठं ते नीट सांग. तेबी ऐकू."

पेला आणि नळी घेऊन मी तिथंच समजावलं. यादी सगळ्यांनी मिळून नव्यानं केली. तलवारीचं पुस्तक यादीत कायम राहिलं. दोन मुली म्हणाल्या, आधी वाचू, मग भांडू. पंपाचं पुस्तक आत्या घरी घेऊन गेल्या. साक्षरता वर्गात शिकलेलं वाचन, एकेक ओळ बोटानं धरून.

तीन आठवड्यांनी त्या आल्या. "वरून वढायचं कशाला? खालून ढकलायचं. बोअरची मोटार ढकलती तसं."

बरोबर होतं. मी म्हणाले, "पुढची पुस्तकं निवडायला तुम्ही या."

"रविवारी येते," त्या म्हणाल्या. "बाकी दिवस मिल असती."