अक्काच्या उत्तरावर हसलेलं सभागृह

गंगूअक्का. माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर हे एकच नाव. माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी अंगणात रांगत होतो, ती बारा-तेरा वर्षांची होती. बहात्तरच्या दुष्काळात तिनं रस्त्याच्या कामावर खडी फोडली आणि मला मुदखेडच्या शाळेतून काढू दिलं नाही. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला पहिला माणूस मी. कॉलेजात मानसशास्त्र शिकवायला लागलो तेव्हा तिनं गावभर साखर वाटली.

आता जे सांगतो आहे ते मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सांगायला बसलो की दुसरंच काहीतरी सांगून उठतो. आजही — बघा ना — उपकारांपासूनच सुरुवात केली. उपकार सांगणं सोपं असतं.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. नवं कलेक्टर ऑफिस, नव्या पाट्या, आणि सगळ्यांच्या अंगात एक घाई. आमच्या कॉलेजालाही ती लागली. मानवी बुद्धिमत्तेच्या संशोधनावर आंतरराष्ट्रीय परिषद भरवायची ठरली. चार परदेशी पाहुणे येणार म्हणून आंतरराष्ट्रीय. त्या वर्षी पावसानं पुन्हा पाठ फिरवलेली. पाहुण्यांच्या आंघोळीला पाणी कुठून आणायचं, यावर जेवढ्या बैठका झाल्या तेवढ्या निबंधांवर झाल्या नाहीत.

मलाही निबंध वाचायचा होता. विषय — शाळा न पाहिलेल्या बायकांची बुद्धी. त्यासाठी चाचणी घ्यायची, आणि ती घेण्याचा नियम कडक : एकेकीला वेगळं बसवायचं, दुसरीनं ऐकता कामा नये. मी भोकरजवळ अक्काच्या सासरच्या गावी गेलो. पण परक्या पुरुषासमोर एकटी बाई घरात बसणार कशी? अक्कानंच तोड काढली. "माझ्या वसरीवर बसवते सगळ्यांना. मी असल्यावर कोण काय म्हणतंय?"

बसल्या. पण बोलेनात. ज्या घरी बसलो त्या घरच्या बाईनं आधी तोंड उघडावं, ही तिथली रीत. म्हणून मी पहिला प्रश्न अक्कालाच विचारला. घागर, कळशी, हंडा, विहीर. यातलं वेगळं कोणतं?

उत्तर होतं विहीर. बाकीची भांडी. अक्कानं माझ्याकडे पाहिलं, मग बायकांकडे पाहिलं.

"वेगळं काय हाय रे त्यात? औंदा चारीबी कोरडेच हायत. समदे सारखेच."

बायका खळखळून हसल्या. एकदम मोकळ्या झाल्या. मग मी एकेकीला विचारत गेलो. "अक्का म्हनल्या तेच माझंबी." शेजारची रजियाभाभी म्हणाली, "अक्का बोले वइच लिखो, मास्तर. उनके घर में बैठ के उनकी बात काटूं क्या?" वेगळं बोलणं म्हणजे अक्काचा अपमान. ज्यांना विहीर म्हणायचं होतं — एकदोघींच्या ओठांवर आलेलं मी पाहिलं — त्यांनीही ते गिळलं.

मला हे दिसत होतं. दिसत नव्हतं असं म्हणायला जागाच नाही. मी त्यांच्यातच वाढलोय, ही रीत मला कुणी परदेशातून येऊन सांगायला नको होती. तरी मी लिहिलं : सर्व स्त्रियांनी स्वतंत्रपणे एकच उत्तर दिलं. निष्कर्ष : अशिक्षित स्त्रीला वस्तूंचे वर्ग पाडता येत नाहीत.

हाच का माझा गुन्हा? हा तर आहेच. पण खोटा निबंध वाचणारा मी काही एकटा नव्हतो, आणि तो निबंध पुढे कुणी उघडूनही पाहिला नाही. एवढंच असतं तर मी इतकी वर्षं असा — बसल्या जागी चुळबुळत — काढली नसती.

परिषदेच्या आदल्या दिवशी अक्का लातूरला आली. न बोलावता. नांदेडहून एसटीनं, फडक्यात भाकरी बांधून. "तुझं एवढं मोठं कार्य, आन् मी घरी बसून राहू व्हय?" सकाळी पाहते तर कॉलेजात पाण्याची तारांबळ. तिनं पदर खोचला आणि टँकरवरून हंडे वाहायला लागली. मी अडवलं का? नाही. सोयीचंच होतं.

विभागप्रमुखांनी मला सांगून ठेवलं होतं, "माणिकराव, मध्ये एखादा किस्सा टाका. दुपारच्या सत्रात लोक घोरतात." निबंध इंग्रजीत होता. तो प्रश्न आला तसा मी थांबलो, कागदावरून नजर उचलली, आणि अक्काचं वाक्य आधी मराठीत म्हटलं. नुसतं म्हटलं नाही. तिच्या हेलात म्हटलं. "समदे सारखेच" — हात हलवून, मान वाकडी करून. मग त्याचं इंग्रजी केलं. पहिल्यांदा आमचे प्राध्यापक हसले, मग पाहुणे. टाळ्यासुद्धा पडल्या. असं यश मला आयुष्यात कधी मिळालं नव्हतं.

आणि तेव्हा दाराकडे लक्ष गेलं. अक्का पाण्याचा जग घेऊन उभी होती. स्वतःचं वाक्य तिनं ओळखलं होतं. पदर तोंडाला लावून ती लाजत होती.

संपल्यावर व्हरांड्यात तिनं गाठलं. "माणिक, ते माझंच ना रे, तू बोल्लास ते? कामून हसले?"

एक क्षण होता. त्या क्षणात मी काहीही म्हणू शकलो असतो. मी म्हणालो, "आवडलं त्यांना, अक्का. फार हुशार बाई दिसते म्हणाले. टाळ्या तुझ्यासाठीच होत्या."

पुढचं ऐका. ती गावी गेली आणि हे सगळ्यांना सांगत सुटली. काही वर्षांनी गावात प्रौढांचा वर्ग निघाला तेव्हा पहिलं नाव तिचं. "गोऱ्या लोकांनी टाळ्या वाजवल्या माझ्या डोस्क्याला. मंग पाटीला कामून भ्यावं?" ती शिकली. आज सत्तरी ओलांडून गेली आहे, चष्मा लावून पेपर वाचते, नातवांची शुद्धलेखनं तपासते. आणि अजून, कुणी पाहुणा आला की — "आमच्या माणिकला इचारा."

ते विचारतात. मी दरवेळी हो म्हणतो.

मनाला मी पुष्कळदा म्हणून पाहिलं : खोट्यातून चांगलंच निघालं ना? पण ते चांगलं तिनं काढलं. मी तर सभागृहात हशा काढला होता. आणि खरं सांगितलं तर तिचं काय मोडेल, या काळजीनं मी गप्प राहिलो, असंही नाही. तिच्या नजरेत माझं काय उरेल, ही काळजी होती.

आणखी एक गोष्ट आहे. ती मी इथे आधी लिहायला घेतली होती, मग खोडली. ती पहिल्यांदा कुणी वाचायची असेल तर तिनंच. आता ती स्वतः वाचू शकते, मध्ये कुणी लागत नाही. मागच्या आठवड्यात पत्र टाकलं. ते असं :

तीर्थरूप अक्कास,
माणिकचा शिरसाष्टांग नमस्कार.

त्या दिवशी टाळ्या तुझ्यासाठी नव्हत्या. लोक तुला हसले. मी तुझी नक्कल केली म्हणून हसले. तुला डोकं नाही, हे दाखवायला मी तुझं बोलणं तिथे नेलं होतं. तू माझी बहीण आहेस हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

व्हरांड्यात आपण बोलत होतो तेव्हा तो उंच गोरा पाहुणा जवळ आला होता, तुला आठवत असेल. त्यानं तुला हात जोडले. तूही हातातला जग खाली ठेवून जोडलेस. त्यानं मला काहीतरी विचारलं, मी उत्तर दिलं. तू विचारलंस, काय म्हणला रे? मी म्हणालो, कोण म्हणून विचारतोय, माझी अक्का म्हणून सांगितलं.

त्यानं तेच विचारलं होतं. मी सांगितलं, ही पाणी भरायला ठेवलेली बाई आहे.

माणिक