बोट वर केलं की गप्प

कानवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. चाळीस वर्षं त्यांनी टीव्ही आणि नाणं टाकून खेळायची व्हिडिओ गेमची यंत्रं दुरुस्त केली, आणि मीटरपेक्षा कानावर जास्त विश्वास ठेवला, म्हणून लोकांनी हे नाव पाडलं. त्यांनीही ते बिनतक्रार लावून घेतलं. जावयाने हौसेने दिलेला मल्टिमीटर अवजारांच्या पेटीत होता. त्याच्या खोक्यावरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून शाबूत होतं.

त्यांची पद्धत ठरलेली. यंत्राची मागची फळी काढून तिथे स्टुलावर बसायचं आणि डावा हात पँटच्या मागच्या खिशात कोंबायचा. पिक्चर ट्यूबपाशी वीस-वीस हजार व्होल्ट असतात, आणि शॉक एका हातातून दुसऱ्या हाताकडे निघाला की वाटेत काळीज लागतं. मग उजव्या हाताने बटण दाबून त्याच हाताचं एक बोट वर करायचं. बोट वर गेलं की आजूबाजूच्या सगळ्यांनी गप्प बसायचं. एका हॉटेलमालकाला बोट वर असताना जांभई आली, तर कानवाल्यांनी यंत्र बंद करून पहिल्यापासून सुरुवात केली होती.

त्यांना ऐकायची असायची एक शिट्टी. चालू ट्यूबच्या मागून फार बारीक, कानात टोचणारी शिट्टी येते. ती आली, तर तो जबर व्होल्टेज तयार करणारा भाग, ज्याला मेकॅनिक ईएचटी म्हणतात, तो ठणठणीत आहे, दोष दुसरीकडे शोधायचा. नाही आली, तर ईएचटी गेला. यात आपली चूक कधीच झाली नाही असं ते स्वतः सांगत, आणि त्या वेळी इतर कोणाला बोलायची परवानगी नसल्यामुळे ते खरं धरलं जाई.

मंगळवारी लाँड्रीवालीने त्यांना बोलावलं. तिच्या दुकानात इस्त्रीच्या दोन टेबलांपलीकडे, कोपऱ्यात, अंतराळयानांच्या लढाईचं एक जुनं यंत्र उभं होतं. कपडे तयार नसले की गिऱ्हाईक डोकं खातं, त्यापेक्षा खेळत बसेल, म्हणून तिच्या वडिलांनी ते आणलेलं. आता वडील नव्हते, पडदा काळा पडला होता आणि आवाजाच्या नावाने नुसती घरघर येत होती.

"शनिवारी भंगारवाला येतोय, काका," लाँड्रीवाली म्हणाली. "तोवर झालं तर झालं. बाबांची वस्तू आहे, द्यायची जिवावर येतं. पण काळी पेटी ठेवून करू काय?"

कानवाले बसले. खिशात हात, बटण, बोट. दोन्ही इस्त्र्या थांबल्या. घरघर त्यांना स्वच्छ ऐकू आली. शिट्टी आली नाही.

"ईएचटी गेला," ते म्हणाले.

तसला ईएचटी आता कुठे बनत नाही. कानवाल्यांकडे एक होता, वर्तमानपत्रात गुंडाळून बारा वर्षं कपाटात गरम कपड्यांखाली ठेवलेला. बुधवारी त्यांनी तो बसवला आणि बोट वर केलं. शिट्टी नाही. गुरुवारी त्यांनी आपल्याकडच्या एका मोडीत निघालेल्या यंत्रातून दुसरा काढला, तो बसवला, बोट वर केलं. शिट्टी नाही. बारा वर्षं जपलेल्या वस्तूवर पाणी पडलं याचं वाईट वाटायलाही त्यांना सवड झाली नाही.

शुक्रवारी त्यांना भीती वाटली. तिसरा ईएचटी नव्हता. 'हे माझ्याच्याने होत नाही' असं त्यांनी आजवर एकाही गिऱ्हाइकाला सांगितलेलं नव्हतं, आणि या वयात एकदा ते तोंडातून गेलं की पुढच्या वेळी ते आपसूक येईल, हे त्यांना कळत होतं. त्यांनी शेवटचं म्हणून यंत्र चालू केलं, पुष्कळ वेळ ऐकलं आणि बोट खाली घेतलं.

"द्या भंगारात," ते म्हणाले. "मी हात टेकले."

लाँड्रीवाली काही बोलायच्या आत दारातून त्यांची बायको आली. सकाळी ते चष्मा घरीच विसरले होते. डोळ्यांवाचून त्यांचं फारसं अडत नसल्यामुळे ते त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं.

"अहो, हा घ्या चष्मा," असं म्हणत ती जवळ आली आणि तिने दोन्ही कान झाकले. "बंद करा बाई आधी ते. किती कर्कश शिट्टी."

कानवाल्यांनी तिच्याकडे पाहिलं. "कसली शिट्टी?"

"मंगळवारपासून हेच चाललंय, काकू," लाँड्रीवाली म्हणाली. "यंत्र चालू झालं की माझं डोकं उठतं. दोनदा गोळी घेतली. म्हटलं, काकांना हवी असेल ती."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुमचं बोट वर होतं."

कानवाले उठून यंत्राच्या पुढच्या बाजूला गेले. काळ्या काचेजवळ त्यांनी हात धरला. हातावरचे सगळे केस ताठ उभे राहिले. व्होल्टेज भरपूर होतं. बुधवारी होतं, गुरुवारी होतं आणि मंगळवारीही होतं. एका चांगल्या ईएचटीच्या जागी त्यांनी ओळीने दोन चांगले ईएचटी बसवले होते.

त्यांनी चष्मा लावला आणि मागे जाऊन ट्यूबच्या मानेत डोकावून पाहिलं. तिथे तापलेल्या तारेची एक नारिंगी ठिणगी तेवत असायला हवी, तिच्यावाचून कितीही व्होल्टेज असलं तरी चित्र उमटत नाही. अंधार होता. मानेवरच्या सॉकेटच्या एका पिनेभोवती सोल्डरला केसाएवढी चीर गेली होती. यंत्र बंद करून त्यांनी तिथे नवं सोल्डर लावलं, त्याला दोन मिनिटं लागली. घरघरीसाठी सुकलेला कंडेन्सर बदलला, त्याला वीस.

पडद्यावर यानं आली. सुरुवातीची धून वाजली. लाँड्रीवालीने काउंटरला हात टेकून ती ऐकली आणि पदराने नाक पुसलं. कानवाल्यांच्या कपाळाला आठी होती.

"वरचे सूर येत नाहीत. स्पीकर बदलावा लागेल."

दोघी बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.

"येतायत," बायको हळूच म्हणाली. "सगळे येतायत, अहो."

कानवाले स्टुलावर बसले. डावा हात सवयीने पुन्हा खिशात गेला होता, तो त्यांनी काढून मांडीवर ठेवला.

"तुला माहीत होतं?"

"दोन वर्षं झाली. घरी दुरुस्तीला आणलेल्या यंत्राचा पडदा काळा असला की तुम्हाला वाटतं ते बंद आहे, आणि तसंच सोडून जेवायला येता. मला शिट्टी ऐकू येते, मी जाऊन बंद करते."

"आणि एका शब्दाने बोलली नाहीस?"

"सगळं गाव तुम्हाला कानवाले म्हणतं. मी कुठल्या तोंडाने सांगू?"

त्यांना लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त वाईट वाटलं. दोन वर्षं ही बाई जेवणावरून उठून दुसऱ्या खोलीत जात होती आणि आपण एकदाही कुठे जातेस असं विचारलं नव्हतं. शनिवारी भंगारवाल्याला एक गंजका हँगरस्टँड मिळाला.

पुढच्या आठवड्यात त्या जांभईवाल्या हॉटेलमालकाचं यंत्र बिघडलं. कानवाले गेले. बरोबर बायको होती, आणि त्यांनी दुसरं स्टूल मागून घेतलं. फळी काढली, डावा हात खिशात घातला, बटण दाबलं. सवयीने बोट वर गेलं. हॉटेलमालकाने श्वास धरला. बायकोही सगळ्यांसारखी गप्प झाली.

कानवाल्यांनी आपल्या बोटाकडे पाहिलं, ते खाली घेतलं आणि तिच्याकडे वळले.

"बोल," ते म्हणाले.