संपावरचा बाप, कामावरचा पोरगा

प्रशांतचा फोन आला तेव्हा मी रिसोडला शाळेत पाचवीच्या वर्गावर होते. "ताई, बाबा गेले… जेवून आडवे झाले, ते उठलेच नाई." उत्तममामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ, आणि प्रशांत त्यांचा एकुलता एक मुलगा. वाशीमजवळच्या मालेगावला, मामांच्या गावी पोचेपर्यंत बसमध्ये मला रडू आलं नाही. एकच गोष्ट डोक्यात घोळत राहिली… त्या संपाबद्दल मामांना शेवटी नेमकं काय वाटत होतं? मामांच्या पुण्यानुमोदनाचा विधी होऊन आता काही आठवडे झाले, तरी ती घोळतेच आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी मामा वाशीम रस्त्यावरच्या एका डाळमिलमध्ये कामाला होते. तिथं त्यांच्यासोबतच्या सुभाषचा हात मशीनच्या पट्ट्यात गेला आणि कोपरापासून काढावा लागला. पट्ट्यावर जाळी बसवा, सुभाषच्या इलाजाचं बघा, एवढंच कामगारांचं म्हणणं होतं. मालकानं सांगितलं, पटत नसेल त्यानं जावं, बाहेर माणसांची कमी नाही. खोटं नव्हतं ते. शिकलेली पोरं सोयाबीन कापायला रोजानं जात होती, खुद्द प्रशांत बी.एस्सी. होऊन घरी बसला होता. तरी सगळ्यांनी काम बंद केलं, आणि पुढे होते मामा. मला ते कळेना. "मामा, इतकी बेकारी हाय अन् तुमी संप करून राह्यले? तुमच्या जागेवर याले लोक तयारच हायेत." मामा म्हणाले, "ते तं हायेच. पण बेकारी हाय म्हून पट्टा हात ओढाचं सोडते का?" आणि पुढं, "आमचं बरोबर हाय का नाई, ते मलेबी पाह्याचंच हाय." संपाच्या म्होरक्यानं असं बोलावं, याचं मला फार नवल वाटलं होतं.

चार-सहा दिवसांत मिलमधून निरोप आला, आणि तो आला प्रशांतला. संपवाल्यांच्या जागी ये, नंतरही ठेवून घेऊ. विमलमामी स्वयंपाक सोडून बाहेर येऊन उभ्या राहिल्या. मी तिथंच होते. मामा आता पोराला हाकलतात की काय, असं वाटलं. मामांनी विचारलं, "तुले काय वाटते?"

"मले काम पाह्यजे, बाबा. दोन वर्सं झाले, लोकायले तोंड दाखवाची लाज वाटते."

मामा म्हणाले, "जाय मंग. मी गेटवर हावोच."

तसंच झालं. बाप गेटबाहेर संपाच्या मांडवात, पोरगा आत मशीनवर. दुपारी मामी डबा आणायच्या तो एकच, आणि मामा प्रशांतला हाक मारून बाहेर बोलवायचे. मांडवातले लोक खवळले. "घरातलाच पोरगा आत धाडला, अन् आमाले संप शिकवता?" मामा म्हणाले, "संप माहा हाय, त्याचा नाई. भाकर दोघायची हाय." त्या दिवसापासून काहींनी त्यांच्याशी बोलणं टाकलं, ते कायमचं. प्रशांत मान खाली घालून जेवायचा. एकदा जेवता जेवताच म्हणाला, "बाबा, पट्टा लई जवळून जाते." मामांनी फक्त पाण्याचा तांब्या त्याच्याकडे सरकवला.

दुसऱ्या दिवशी प्रशांत आत गेला, पण त्यानं आणि नव्या पोरांनी मशीन सुरूच केली नाही. कोणी सांगितलं नव्हतं. मामांनाही ते गेटवरच कळलं. बाहेरचे बंद, आतलेही बंद… मालक आठवडाभर तणतणला आणि मग जाळी बसली. सुभाषच्या इलाजाचं मात्र अर्धंमुर्धंच झालं. जुने लोक परत घेतले, मामांना नाही. प्रशांतला ठेवलं.

"मीबी सोडतो," प्रशांत म्हणाला.

"काहून? जाळी नाई बसली का?"

"बसली."

"मंग राह्य तिथंच. उद्या निघाली तं कोनाले दिसंन?"

मामा पुढे लोकांच्या वावरात रोजानं जाऊ लागले. वरून हसतमुख असत. पण वर्षभर त्यांनी वाशीम रस्ता धरला नाही, शेतांच्या बांधांवरून, धुऱ्याधुऱ्यानं वळसा घालून जायचे, हे मामींनी मला परवा सांगितलं. जिंकलात का हरलात, असं मी एकदा स्पष्टच विचारलं होतं. "सुभाषचा हात तं नाई आला," एवढंच म्हणाले.

म्हातारपणी कामं सुटली, तरी मामा रोज सकाळी चौकात जात. मजूर कामाची वाट पाहत थांबतात, तिथं. चहा घेत, आणि ज्याला-त्याला एकच विचारत. "तुले काम भेटलं, पण तिथं संप चालू असला, तं काय करशीन?" गेल्या रविवारी मी तिथं गेले. बांधकामावर जाणारी एक बाई, गयाबाई, त्यांच्या ओळखीची निघाली. "मी दरखेपी येगळं सांगो," ती म्हणाली, "एक डाव जाईन, एक डाव नाई. बाबा कधी रागवले नाई. म्हनत, उद्या पुना सांग… आता माह्यं पक्कं ठरलं होतं, तं तेच नाई राह्यले."

"मले सांगा नं," मी म्हटलं.

ती सांगणार, तेवढ्यात टेम्पो आला. गयाबाई डबा सावरत मागे चढली आणि वरून ओरडली, "उद्या या, बाई!"

सोमवारी मी शाळेत जायची रिसोडची पहिली गाडी जाऊ दिली आणि चौकात जाऊन बसले.