बिनठेक्याचे मास्तर

गेल्या लग्नसराईत, भातकुलीच्या एका वरातीत, अकोल्याहून आलेल्या डीजेच्या गाडीवरचा ठेका मधेच बंद झाला. गाडीवर मिक्सर सांभाळणाऱ्या मास्तरांनीच तो बंद केला आणि स्वतः तयार केलेला, अजिबात ठेका नसलेला एक तुकडा लावला. नाचणारे थांबले. नवरदेवाचा घोडा थांबला. जनरेटरवाल्याने बिघाड समजून जनरेटरचे झाकण उघडले. नवरदेवाचा मामा गाडीपाशी आला.

"मास्तर, लाइट गेली का?"

"नाही. चालूच हाये."

"मंग गानं काहून बंद हाये?"

"हेच गानं हाये. आयका ना भौ."

मामाने मान वाकडी करून थोडा वेळ ऐकले. "हे तं चक्कीचा पट्टा घसरल्यावानी वाजून राह्यलं," असे म्हणून त्याने सचिनला हाक मारली. सचिन मास्तरांचा पुतण्या, गाडी त्याची. त्याने हात लांबवून ठेका सुरू केला आणि वरात पुढे सरकली.

मास्तरांनी कधी कोणाला शिकवले नव्हते. कॅसेटच्या काळात अकोल्यात त्यांचे रेकॉर्डिंगचे दुकान होते आणि यंत्रातले ज्याला कळते तो आमच्या गल्लीत मास्तर. दुकान बंद पडल्यावर ते पुतण्याच्या गाडीवर उभे राहू लागले. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्याचे बटण लावलेले. समोर पोरे धूळ उडवत नाचत, पण या माणसाची मानही हलत नसे. कोणी छेडले तर म्हणत, "ठेका म्हनजे लगाम. घोडा कसा हाये हे पाहाचं असन तं लगाम सोडून पाहा."

त्यांचे खरे काम दुपारी, घरी, संगणकावर चाले. त्यांची आणि आमची भिंत एकच होती, त्यामुळे ते आम्हालाही ऐकू येई. जिनिंगमध्ये कापसातून सरकी सुटताना होणारा आवाज, वरूडला संत्री पट्ट्यावरून घरंगळतानाचा आवाज, उन्हाने तापलेल्या पत्र्याचा आवाज ते टिपून आणत. मग तो ताणत, उलटा करत, मूळ ओळखू येईनासे होईपर्यंत. ऐकणारा बहुधा एकटा सचिन, गाडीची किल्ली बोटात फिरवत दारात उभा.

"काका, आवाज मस्त हाये. पन याच्यावर नाचन कोन?"

"कोनी नाही नाचन. तेच तं पायजे मले."

"मंग आयकन कोन? आपल्या लोकाइचे कान पायात हायेत."

"मंग जोडे काढून आयका म्हना."

सचिन हसला नाही. "लोकं नाचून राह्यले म्हनजे आयकूनच राह्यले, काका. नुसतं बसून आयकनं हे दुखनाईत मानसाचं काम हाये." मास्तरांनी संगणकाकडे तोंड फिरवले. हा वाद मिटला नाही. दोघांपैकी कोणीही चूक आहे असे मला कधी वाटले नाही.

भातकुलीच्या वरातीच्या आदल्या आठवड्यात मास्तर अमरावतीला कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले होते. वर्षानुवर्षे बेसच्या स्पीकरच्या खोक्यांशेजारी उभे राहून त्यांना बारीक आवाज ऐकू येईनासे झाले होते. उरलेलेही जाणार होते. खोक्याचा दणका तेवढा अंगाला कळत राहील, असे डॉक्टरांनी सांगितले. मास्तरांनी ते घरी सांगितले नाही. आपला तुकडा चार लोकांत वाजताना एकदा स्वतःच्या कानांनी ऐकायचा, एवढे त्यांनी ठरवले होते. म्हणून त्यांनी वरातीत ठेका बंद केला.

हे सचिनला पुढे कळले. "पयले सांगतलं असतं तं म्या वरात थांबवली असती," तो म्हणाला.

"थांबलीच होती ना," मास्तर म्हणाले. "लोकाइले बिघाड वाटला."

दिवाळीपर्यंत मास्तरांना बोलणेही ऐकू येईनासे झाले. एका दुपारी मास्तरांनी तो तुकडा गाडीवर लावायला सांगितला आणि बेसच्या खोक्यावर तळहात ठेवला. मी अंगणातच होतो. तुकडा वाजत होता. त्यात खालचा सूर नव्हता, त्यामुळे खोके हलत नव्हते.

"लाव ना बापा," मास्तर म्हणाले.

सचिनने चालू असल्याची खूण केली. मास्तर हात तसाच ठेवून उभे राहिले. मग सचिन त्यांच्या खोलीत गेला, संगणकावर त्या तुकड्याखाली सुरुवातीपासून शेवटपर्यंत ठेका घातला आणि बाहेर येऊन तो पुन्हा लावला.

"आता येऊन राह्यला," मास्तर म्हणाले. "वाढव."

सचिनने आवाज वाढवला आणि पाठ फिरवून गाडीच्या पलीकडे जाऊन उभा राहिला.

यंदा तेल्हाऱ्याच्या एका वरातीत तो तुकडा ठेक्यासकट वाजला. नवरदेवाच्या मित्रांनी तो परत लावायला सांगितले. मिक्सरवर आता सचिन असतो. बिनठेक्याचा तुकडा संगणकात आहे. अंगणातल्या त्या दुपारनंतर तो कुठे वाजलेला नाही. तेल्हाऱ्याला मास्तर गाडीवर, बेसच्या खोक्याला पाठ लावून बसले होते. वरात मांडवाशी पोचेपर्यंत ते तिथून उठले नाहीत.