पुढच्या चाकाची चिंधी

१४ मे १८८३ रोजी माझे पणजोबा टोर्केल नेस्टे यांनी अमेरिकेतल्या डाकोटाच्या जमीन कचेरीत चौदा डॉलर भरले आणि एकशे साठ एकरांवर आपलं नाव लावलं. पैसे पणजी गुनहिल्डचे होते, लोकांची धुणी धुऊन साठवलेले. आदरार्थी बहुवचन मी इथेच थांबवतो; पुढे ते वापरावं असं काही सापडत नाही.

कागदावरची जमीन त्या सपाट गवतात शोधायची, तर नॉर्वेहून आलेल्या आमच्या लोकांची एक रीत होती. गाडीच्या मागच्या मोठ्या चाकाला चिंधी बांधायची, सरकारी खुंटापासून निघायचं आणि चिंधी किती वेळा वर येते ते मोजायचं. किती फेरे, ते कचेरीबाहेरचे जाणते लोक सांगत. मागचं चाक बसल्या जागेवरून दिसत नाही, म्हणून मोजणाऱ्याने शेजारून पायी चालायचं. टोर्केलला चालायचं नव्हतं आणि बायकोने मोजलेलं चालणार नव्हतं. त्याने चिंधी पुढच्या चाकाला बांधली.

"अरे, पुढचं चाक लहान आहे," गुनहिल्ड म्हणाली.

"चाक ते चाक. गोलच असतं ना? तू मुलीला सांभाळ."

आकडा मागच्या चाकाचा, फेरे पुढच्या चाकाचे. त्याने बैल थांबवले तेव्हा त्याची जमीन आणखी पाव मैलाहून जास्त लांब होती. "हे आपलं!" म्हणून तो खाली उतरला आणि जेवायला बसला.

गवताच्या ढपल्या रचून घर झालं, तेही बरंचसं गुनहिल्डने रचलं. विहीरही तिनेच खणली. हा वर उभा राहून मातीची बादली ओढायचा आणि कंबर धरायचा. पण पाणी लागलं ते गोड. त्या मुलखात हे नशीबच, कारण आसपासच्या विहिरींचं पाणी इतकं खारट, की त्यात केलेली कॉफी दूध घातलं की फाटायची.

दुसऱ्या वर्षी शरदात मारित टॉफ्टे नावाची विधवा मोजणीदाराला घेऊन आली. घर, विहीर, नांगरलेलं रान, सगळं तिच्या हद्दीत निघालं. टोर्केल गावभर सांगत सुटला की बाईने खुंट हलवले. मारितने ते ऐकलं आणि तरीही ती दारात येऊन उभी राहिली.

"हे बघ टोर्केल, घर आणि विहीर तुम्ही ठेवा. पाच वर्षं कसून दोघांच्या नावावर जमीन कायम झाली की बदल्यात तुमचा हद्दीवरचा तेवढाच तुकडा मला द्या. पण रविवारी चर्च सुटलं की चार माणसांत म्हणायचं, चूक माझी होती, मारितने खुंट हलवले नाहीत."

"खुंट चुकलेत."

"मग तुझी चिंधी कुठल्या चाकाला होती?"

गुनहिल्ड म्हणाली, "एक वाक्य आहे रे. तुझ्याच्याने होत नसेल तर मी बोलते."

"बायको बोलणार आणि मी टोपी धरून उभा राहणार? सामान भर."

त्या रविवारी तो चर्चलाच गेला नाही. म्हणे पोट दुखत होतं. पंधरा दिवसांत ते आपल्या खऱ्या जमिनीवर गेले. तिथे विहीर खणली, ती खारट लागली. दुसरी खणली, तीही तशीच. तिसरी खणायला गुनहिल्डच्या अंगात त्राण नव्हतं आणि त्याच्या मनात नव्हतं.

शेवटी ती एकटीच मारितकडे गेली. ठरलं ते असं: पाणी हवं तेवढं न्यावं, आठवड्याला पौंडभर लोणी द्यावं. मग ती आयुष्यभर खांद्यावर कावड घेऊन, दोन्हीकडे बादल्या लटकवून, स्वतः खणलेल्या विहिरीचं पाणी विकत आणत राहिली. बर्फातसुद्धा. टोर्केल त्याच पाण्याची कॉफी प्यायचा आणि पाहुण्यांना सांगायचा, "आमच्याकडची कॉफी कधी फाटत नाही."

आमचं घराणं दर जुलैत जमतं. तेव्हा सोल्वेग आत्या उभी राहून डोळे पुसत सांगते, "आजोबांनी एका निराधार विधवेला आपली विहीर दान दिली."

"आत्या, विहीर तिच्याच जमिनीत होती. दान कसलं?"

"तू आयुष्यभर हिशेबच कर. मोठं मन काय असतं ते तुला नाही कळायचं."

सगळे टाळ्या वाजवतात. मग लेफ्सा, म्हणजे बटाट्याची पातळ पोळी, वाढली जाते, आणि ती विहीर खणली कोणी, हे कुणी विचारत नाही.

गुनहिल्ड १९११च्या फेब्रुवारीत गेली. शेवटच्या नऊ आठवड्यांच्या आजारपणात लोणी गेलं नाही, तरी मारित स्वतः पाणी आणून देत होती. अंत्यविधीनंतर तिने राहिलेल्या लोण्याचं विचारलं, तर टोर्केल म्हणाला, "करार तिचा होता. मी कुठे काय ठरवलं होतं?"

टॉफ्टे कुटुंबाचं आमच्याकडून अजून नऊ पौंड लोणी येणं आहे.