मी लिहिलेली जन्मतारीख

एका मुलीचं वय मी दोन वर्षांनी कमी लिहिलं. चुकून नाही, समजून. ती आठ वर्षांची आहे हे तिच्या आईनं मला सांगितलं होतं, तरी शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये सहा वर्षं धरून मी तारीख टाकली, एक जून. आमच्या पिढीच्या शिक्षकांनी अर्ध्या तालुक्याचा जन्म एक जूनला लावलेला आहे. ज्याच्या घरी तारीख ठाऊक नाही, त्याला एक जून. पण या घरी वर्ष पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे त्या सवयीच्या आड मला लपता येत नाही.

हे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचं. जुन्नर तालुक्यात मढजवळच्या एका वाडीत दोनशिक्षकी शाळेवर मी होतो. शाळा उघडल्याच्या आठवड्यात एक बाई मुलीला कडेवर घेऊन आली. मुलगी कडेवर बसायच्या वयाची नव्हती, तिचे पाय आईच्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होते. पोलिओनं दोन्ही पाय गेलेले. आईनं तिला माझ्या टेबलावरच बसवलं आणि पदरानं घाम पुसला.

"या आवणीला आठवं सरंल हिला, गुरुजी. शाळा शाळा करून लई डोकं खाती."

भाताची आवणी म्हणजे जुलै. मी म्हणालो, "सहा लावू. दिसतेही लहानच. शिवाय वय कमी असलं की अपंगांची शिष्यवृत्ती जास्त वर्षं मिळते."

असा काही नियम आहे का, हे मी कुठंही पाहिलेलं नव्हतं. आई म्हणाली, "तुमी म्हणाल तसं." आणि मी लिहिलं.

मुलगी हुशार निघाली. तिसरीत असताना एका शिबिरात तिला पायांना आधाराचे कॅलिपर आणि कुबड्या मिळाल्या, अपंगत्वाचा दाखलाही झाला. तिला मी हातानं धरून शाळेच्या व्हरांड्यात चालवलं, आणि मनातल्या मनात स्वतःला शाबासकीही दिली. पुढं माझी बदली आंबेगाव तालुक्यात निरगुडसरला झाली. ती हायस्कूलला गेली. प्राथमिकच्या दाखल्यावरची तारीख तिच्याबरोबर पुढं गेली.

त्या नोंदीनंतर दहा वर्षांनी, श्रावणात, तिची आई मधल्या सुट्टीत माझ्या शाळेच्या दारात उभी राहिली. तीन एस.टी. बदलून आली होती. पाणी प्यायली आणि बसायच्या आधीच बोलायला लागली.

मुलगी दहावी पास झाली होती. शाळा संपली तशी शाळेची शिष्यवृत्तीही बंद झाली. आता अठरा पूर्ण झालेल्या अपंगांना तहसीलमधून निराधारांचं अनुदान मिळतं, ते तिच्या स्वतःच्या नावावर सुरू करायचं होतं. जुन्नरला एका शिवणवर्गानं तिला जागा दिली होती. तिथं हातानं चालणारं मशीन होतं. पण मढहून रोज कुबड्यांवर एस.टी.नं जाणं-येणं जमण्यासारखं नव्हतं. जुन्नरलाच खोली घेऊन राहायचं, आणि ती खोली त्या अनुदानावर. वर्गवाले दिवाळीपर्यंत थांबणार होते. मायलेकी तहसीलला गेल्या, तर कारकुनानं दाखला पाहून परत दिला. कागदावर मुलगी सोळाची. डॉक्टरांचा वयाचा अंदाज चालेल का, तर शाळेचा दाखला असताना नाही. दोन वर्षांनी या.

"अक्षर तुमचंच हाय, गुरुजी," ती म्हणाली. "हायस्कूलवाले म्हणत्यात, पहिल्या शाळंनं दुरुस्त केल्याबिगर आमी हात लावणार न्हाई. तुमी लिवून द्या, चुकलं म्हणून."

मी म्हणालो, "बघतो."

मी टाळतोय हे तिला कळलं असावं. ती उठेना. मग मी तोंडाला आलं ते बोलून गेलो, "आणि दोन वर्षं काय, बघता बघता जातील."

"तुमची जात्याल, गुरुजी. तिनं कुठं बसून काढायची?"

मी काहीच केलं नाही. श्रावण गेला, गणपती गेले. लिहून दिलं तर चौकशी लागेल, सर्व्हिस बुकात नोंद होईल, पदोन्नतीच्या यादीतलं नाव खाली जाईल, हे मी रोज मोजत होतो. मला एवढंच हवं होतं की प्रकरण आपोआप मिटावं.

नवरात्रात एका रविवारी मढला गेलो ते कबुली द्यायला नव्हेच. शिवणवर्गात माझ्या ओळखीची एक बाई होती. तिला सांगून दोन वर्षं जागा राखून ठेवू, असा निरोप घेऊन गेलो होतो. मुलगी ओट्यावर बसून एका जुन्या ब्लाउजची शिवण उसवत होती. तुकडे सुटे करून कापड कसं बेतलंय ते पाहायची तिची रीत होती.

"या गुरुजी," ती म्हणाली, "सोळा वर्षांच्या मुलीच्या घरी या."

मी हसलो. ती पुढं बोलतच राहिली. "मतदान दोन वर्षांनी, लग्न दोन वर्षांनी. वय कमी दिसावं म्हणून बायका काय काय फासतात तोंडाला. मला फुकट मिळालं, राव!"

आतून आई ओरडली, "गुरुजींना राव म्हणती व्हय गं?"

"बरं, राव नाही. गुरुजी."

मी जागा राखण्याचं सांगितलं. तिनं कात्री खाली ठेवली.

"तुम्ही मला शाळेत घेतलंत, ते मी विसरले नाही. पण एक विचारू? त्या दिवशी मी टेबलावर बसले होते. तुम्ही आईला वय विचारलंत, तेव्हा मीसुद्धा बोटं दाखवली होती. आठ. तुम्ही हसून माझी दोन बोटं मिटवलीत आणि म्हणालात, सहा. आठवतं?"

मला आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही. पण ते खरं आहे याबद्दल मला क्षणभरही शंका आली नाही, कारण मुलांशी मी तसाच वागायचो.

"मला वाटलं, गुरुजींना जास्त कळतं. महिनाभर मी सगळ्यांना सहाच सांगत होते. मग आईनं एक धपाटा घातला."

ती हसली. त्या रात्री मी दुरुस्तीचा अर्ज लिहिला.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी जुन्नरला पंचायत समितीत गेलो. तिथला कारकून माझ्या ओळखीचा. अर्ज वाचून त्यानं तो उलटा ठेवला. "गुरुजी, कशाला नसती उठाठेव? दोन वर्षांत पोरगी अठराची होतेय. तुमची मात्र फाईल उघडंल."

"ती अठराची झालीय," मी म्हणालो.

पुढचे चार-पाच महिने कागदांत गेले. ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीत तिच्या वडिलांच्या नावापुढं जुलैतली एक नोंद सापडली. मुलीचं नाव नव्हतं, फक्त 'स्त्री' लिहिलेलं. ती नोंद हिचीच, आणि रजिस्टरातली तारीख मी खरं वय ठाऊक असताना लिहिली, असा जबाब मी सही करून दिला. मला कारणे दाखवा नोटीस आली, ताकीद मिळाली, नोंद झाली. रजिस्टरात लाल शाईनं दुरुस्ती झाली, मग हायस्कूलच्या दाखल्यावर.

लहानपणच्या अपंगत्वाच्या दाखल्यावर फोटो चिमुरडीचा आणि अंगठा आईचा, म्हणून तोही नवा काढायला पुण्याला जावं लागलं. मीही बरोबर गेलो. डॉक्टरांनी सवयीनं आईकडं पाहून विचारलं, "काय काय करू शकते ही?"

मुलगी म्हणाली, "मलाच विचारा ना साहेब, अठरा पूर्ण आहेत." डॉक्टर हसले आणि खुर्ची तिच्याकडं वळवून घेतली. तिनं स्वयंपाकापासून शिवणीपर्यंत सगळं सांगितलं, आणि जे जमत नाही तेही तितक्याच सरळ सांगितलं. कागदावर सही तिनं केली.

दिवाळीची जागा अर्थातच गेली होती. अनुदान उन्हाळ्यात मंजूर झालं आणि जूनमध्ये शिवणवर्गाच्या नव्या तुकडीत तिला घेतलं. वर्ष गेलंच.

पहिल्या आठवड्यात मी जुन्नरला तिला भेटायला गेलो. आई खोली लावून द्यायला आली होती. खोली लहान होती, पण खिडकी रस्त्यावर उघडत होती आणि दाराला पायरी नव्हती. ती पायरी नसलेली खोली मुलीनं स्वतः हिंडून शोधली होती. आईनं माझ्या हातावर पेढा ठेवला.

"गुरुजींनी सगळं आपल्या अंगावर घेतलं," ती मुलीला म्हणाली. "लई मोठं मन. तुझ्या भल्यासाठी वय कमी लिवलं आन् तुझ्यासाठीच बोलणी खाल्ली."

मुलगी माझ्याकडं पाहत होती. पेढा माझ्या हातात तसाच होता. जबाबात मी खरं वय ठाऊक होतं एवढं लिहिलं होतं. का कमी केलं, ते कुणी विचारलं नव्हतं. मी तो पेढा खिडकीत ठेवला आणि तिच्यासमोर जमिनीवर बसलो.

"भल्यासाठी नाही," मी म्हणालो. "शिष्यवृत्तीचं मी तेव्हा बोलता बोलता जुळवलं. दरवर्षी सहा पूर्ण झालेली मुलं शोधत घरोघर फिरायचं, हे माझं काम होतं. तुमचं घर वर टेकाडावर. दोन वर्षं मी तिथपर्यंत चढलो नाही. शाळेत बसूनच तक्ता भरला, की शाळेबाहेर एकही मूल नाही. तुझं वय आठ लिहिलं असतं, तर तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं असतं, ही दोन वर्षं कुठं होती? म्हणून मी सहा लिहिलं. स्वतःला वाचवलं. आणि आई माझ्या दारात आली, तेव्हाही स्वतःलाच वाचवत बसलो. त्यात तुझं आणखी एक वर्ष गेलं. माझं चुकलं, पोरी. तुझ्या आईपुढं सांगतो, मला माफ कर."