विहिरीत टाकलेला उतारा

शकुबाई गांगुर्डेंना मी जन्मात एकदाच खोटं बोलताना ऐकलं. त्या एका खोट्यावर त्यांना शाबासकी मिळाली. त्याआधी इतकी वर्षं खरं बोलत आल्या, त्याचं कुणाला सोयरसुतक नव्हतं. मला अजून त्याचा राग येतो, आणि सांगणार तेही रागानंच.

मी सावळीराम, घोटीपलीकडच्या आमच्या आरोग्य केंद्राच्या जीपचा ड्रायव्हर. केंद्राला डॉक्टर होता, पण कागदावर. यायचा, चार दिवस आमचा पाऊस बघायचा आणि बदलीच्या खटपटीला लागायचा. त्यामुळे नर्सबाया, कंपाउंडर, लांबलांबच्या वाड्या, सगळा कारभार मोठ्या नर्स म्हणून शकुबाईंच्या अंगावर. बाई नाशिक रोडच्या, बौद्ध घरातल्या, एकट्या जिवाच्या. एकाहत्तर साली पहिल्यांदा गावात गेलो तेव्हा लोकांनी त्यांना पाणी वरून ओतलं. हो, वरून. बाई ओंजळीनं प्यायल्या, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, लेकरं कुठे आहेत, टोचायची आहेत. पुढे त्याच घरातली सून अडली की आधी बाईंना बोलावणं यायचं. त्यांची रीत एकच. सुई दुखणार असेल तर दुखेल म्हणून सांगायचं, ताप येणार असेल तर येईल म्हणून सांगायचं. आमची जीप दिसली की पोरं आपणहून धावत यायची.

मग आणीबाणी आली आणि वरून नसबंदीचे आकडे सुटले. बाईंनी गावोगाव सांगितलं, ज्याची मर्जी असेल त्यानंच करा, जबरदस्ती होणार नाही, हा माझा शब्द. शहात्तरच्या हिवाळ्यात एका गावात पोरांच्या लसीचा दिवस ठरला. त्या गावाचं नाव मी घेत नाही, माणसं अजून जिवंत आहेत. बाईंचा निरोप म्हटल्यावर बापे पोरांना कडेवर घेऊन शाळेपाशी जमले. आणि आमच्या मागून ट्रक आला. वरच्या साहेबानं बाईंना पत्ता लागू न देता तोच दिवस साधला होता. पोरं आयांच्या हातात दिली आणि बापे ट्रकमध्ये कोंबले. बाई ट्रकपुढे आडव्या उभ्या राहिल्या, तर शिपायानं दंडाला धरून बाजूला ढकललं. निवृत्ती नावाचा एक पोरगा नुसता बघायला आला होता. नुकतंच लग्न झालेलं, मूलबाळ काही नाही. बाईंनी साहेबाच्या हातापाया पडून सांगितलं, याला तरी सोडा. साहेब म्हणाला, आकडा भरायचाय. नेला त्यालाही.

त्यानंतर जीप दिसली की गाव रिकामं व्हायचं. बाई दारोदार माफी मागत हिंडल्या. दारं उघडलीच नाहीत. ज्यानं ट्रक आणला तो मजेत, आणि तोंड काळं झालं ते आमच्या बाईंचं.

सत्त्याहत्तरला सरकार बदललं. त्या पावसाळ्यात त्याच गावात हगवण-उलट्यांची साथ आली. गावाला विहीर एक, आणि ओढ्याचं गढूळ पाणी थेट तिच्यात. ब्लीचिंग पावडर पडली असती तर साथ हटली असती, एवढंच काम. आम्ही पोतं घेऊन गेलो, तर विहिरीवर माणसं काठ्या घेऊन बसलेली. पुढे पुंजाराम, गावात ज्याचा शब्द चालायचा तो. त्याचं म्हणणं, ही पावडर बीज मारायची हाय, मागं बापे झाले, आता बायांचा नंबर. बाईंनी परोपरीनं समजावलं. शेवटी त्यांनी त्याच विहिरीची घागर मागवली, तिच्यात चिमूटभर पावडर टाकली, थांबल्या, आणि सगळ्यांदेखत पेलाभर पाणी पिऊन दाखवलं.

पुंजाराम म्हणाला, "तुमाला काय व्हायचंय, बाई? तुमचं वय गेलं."

माझं डोकंच फिरलं. मी जीपमधला पाना घेऊन उतरलो होतो, बाईंनीच मला मागे लोटलं.

दुसऱ्या दिवशी परत गेलो तर गावात दोन पोरं दगावली होती. त्यातली एक बाईंच्याच हातावर जन्मलेली. बाई तिच्या आईजवळ बसल्या, डोळ्याला पदर लावला, आणि उठून तडक विहिरीवर गेल्या.

"पुंजाराम, आता खरं सांगते," त्या म्हणाल्या. "हा उतारा आहे. ज्यांची ऑपरेशनं जबरदस्तीनं केली, त्यांच्यासाठी नव्या सरकारनं पाठवलाय. नवरा-बायकोनं याच विहिरीचं पाणी प्यायचं. उघड सांगायला मला बंदी होती."

काठ्या खाली आल्या. मग हे आधी का नाय सांगितलं, म्हणून पुंजाराम उलट बाईंवरच रागावला आणि पोतं स्वतः उचलून आणलं. बाई पावडर बादलीत कालवत होत्या, तर लोक म्हणायला लागले, हात आखडू नका, अजून टाका. साथ हटली. शेजारच्या वाड्या भांडून पावडर मागायला लागल्या. नाशिकच्या बैठकीत त्याच ट्रकवाल्या साहेबानं, जनजागृती कशी करावी ते गांगुर्डेबाईंकडून शिका, म्हणून टाळ्या वाजवायला लावल्या.

दिवाळीनंतर निवृत्तीची बायको चांगुणा केंद्रावर आली. कोपऱ्यात बसून राहिली. बाकीच्या बाया गेल्यावर बाईंजवळ सरकली.

"बाई, आमी दोघं त्याच विहिरीचं पितो. माहेरी गेले तरी घागर संगं नेते. अजून दिवस गेले नाय."

बाईंचा चेहरा मला आजही बघवत नाही. खरं सांगावं, तर पुढच्या पावसाळ्यात विहिरीवर पुन्हा काठ्या आणि पुन्हा पोरं जाणार. खोटं सांगावं, तर ही समोर बसलेली. बाईंनी तिचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "पीत राहा."

ब्याऐंशी साली बाईंची बदली झाली. तोवर दर पावसाळ्यात आम्ही त्या विहिरीत पावडर टाकायला जायचो, आणि पहिली घागर चांगुणा भरायची.